बरोबरीत सोडवलेली कुस्ती

आबा, ही काय जायची रीत झाली? एकच प्रश्न विचारला होता मी तुम्हाला. दोन वर्षं विचारत होते आणि उत्तर एका शब्दाचं होतं. चुकून, नाहीतर मुद्दाम. जत्रेच्या मैदानात दुपारपासून दिवस मावळेपर्यंत तुमचा तोंडाचा पट्टा चालायचा. पैलवानाच्या आजोळापासून त्याच्या दारातल्या म्हशीपर्यंत सगळं तुम्हाला सांगायचं असायचं. माझा प्रश्न आला की मात्र मिशीतल्या मिशीत हसून गप्प. आता तर काय, विषयच मिटवून गेलात. मला तुमचा राग आलाय. रडू पण येतंय, पण राग आधी आलाय म्हणून तो आधी सांगते.

लोक म्हणतायत, मोठा निवेदक गेला. तुमच्या कळस गावच्या चौकात लावलेल्या फ्लेक्सवरही तसंच छापलंय, तुमचा फेट्यातला फोटो टाकून. कुणी निवेदक म्हटलं की तुम्ही डाफरायचात, "निवेदन तहसीलदाराला देत्यात. मी कुस्ती सांगतो." त्या फ्लेक्सवर चढून तेवढा शब्द खोडावा असं वाटलं मला. फोटो मात्र झकास आहे. फेट्याचा तुरा सरळ आलाय, तुम्हाला आवडला असता.

तुम्हाला मी पहिल्यांदा पाहिलं त्याच्या कितीतरी आधी ऐकलं होतं, हे तुम्हाला कधी सांगितलं का मी? बहुतेक नाही. आमच्या वडगावच्या जत्रेत कुस्तीच्या मैदानाकडं बायका-पोरी फिरकत नसत. आम्ही पोरी घराच्या स्लॅबवर बसायचो. मधी उसाचा फड, त्याच्या पलीकडं मैदान, डोळ्यांना दिसायचं काही नाही. पण कर्ण्यातून तुमचा आवाज यायचा आणि सगळं दिसायचं. "घ्या, सलामी झडली! लाल लांगेचा पठ्ठ्या खाली बसलाय, त्याला वाटतंय जेवायला वाढणार हायत!" आम्ही खो खो हसायचो. "अरं, आईचं दूध प्यालायस का डेअरीचं?" म्हणून तुम्ही कुणाला तरी डिवचायचात आणि ज्यांच्या घरचं दूध डेअरीला जायचं ते माझे वडील खालून ओरडायचे, "डेअरीच्या दुधाला काय झालं रं?" मी कुस्ती बघायला शिकले ती कानांनी. पुढं कॅमेऱ्यामागचं काम करायला लागले, तेव्हाही मला चित्राआधी आवाज ऐकू यायचा. ते तुमचं देणं.

ते टीव्हीचं काम आलं तेव्हा म्हणूनच मला सगळ्यात आधी तुम्ही आठवलात. गावच्या मातीतली कुस्ती टीव्हीवर दाखवायची असा तो कार्यक्रम होता. मुंबईची मंडळी बारामतीबाहेर एका गोदामात सेट उभा करून बसली होती आणि मी त्यांची गावाकडची माणूस. पैलवान आण, हलगीवाले आण, बसमधून प्रेक्षक आण. एक दिवस म्हणाले, मागं बैलगाडी दिसली पाहिजे. माळेगावच्या कारखान्यावर ऊस टाकून परत निघालेली एक गाडी मी हातापाया पडून आणली. कॅमेऱ्याची क्रेन डोक्यावरून फिरली तसे बैल बुजले आणि चहाच्या टेबलासकट पार गेटपर्यंत गेले. तरी नोकरी शाबूत होती माझी. ती घालवायला तुम्ही यायचे होतात.

मी कळसला तुमच्या घरी आले तेव्हा तुम्ही शेळीला पाला टाकत होता. मी सगळं सांगितलं, मुंबई, कॅमेरे, दिवे, घराघरात तुमचा आवाज जाईल. तुम्ही शेळीकडं बघत म्हणालात, "आमच्या आज्ज्यानं छपन्न साली धम्म घेतला आन हलगी खाली ठिवली. म्हणाला, आता दुसऱ्याच्या दारात वाजवायचं न्हाय. बानं शाळा धरली. मी शाळा पण धरली आन माईक पण. आता त्यो माईक मुंबईवाल्यांच्या दारात न्यायचा व्हय गं?" मी म्हटलं, "आबा, दार त्यांचं नाही. माती आपलीच आहे." तुम्ही हातातला उरलेला पाला शेळीपुढं टाकलात. मग आत बघून हाक मारलीत, "काय वं, माझा गुलाबी फेटा कुठाय?" शांताकाकी आतून म्हणाल्या, "आधी व्हय तरी म्हना!"

तुमची अट एकच होती. कानात यंत्र घालणार नाही. सेटवर सगळ्यांच्या कानात ते असतं, डायरेक्टर साहेब बाहेरच्या गाडीत बसून त्यातून बोलतो, आता हे म्हण, आता थांब. तुम्ही मला म्हणालात, "माझ्या कानात तुझा सायेब बोलाय लागला, तर पैलवानाचा दम मला ऐकू यील का?" साहेबांना मी हे कसंबसं पटवलं. गावचा माणूस आहे, म्हटलं, मोकळा सोडा, रंग भरेल.

आणि भरलात की! पहिल्या दिवशी तुम्ही कुस्तीच्या मातीच्या हौदापाशी आलात, वाकून माती कपाळाला लावलीत आणि मग बोटाच्या पेराने खाली ठोकून बघितलंत. मातीखाली प्लायवूड होतं. माझ्याकडं वळून हळूच म्हणालात, "आत पोकळ हाय गं." माझा चेहरा पडलेला बघून तुम्हीच परत म्हणालात, "असूंदे. वर माती हाय ना? मग झालं." आणि फेटा सावरून माईक हातात घेतलात. त्यानंतर त्या पोकळ हौदाचं तुम्ही मैदान करून टाकलंत. कॅमेरावाले पोरगे काम विसरून तुमच्या तोंडाकडं बघत बसायचे.

भांडणं पण काय कमी केलीत का? प्रेक्षकांनी टाळी कधी वाजवायची ते सांगायला एक माणूस हात वर करायचा. तुम्ही त्याच्याशी भांडलात, "टाळी मागायची ती मी मागणार. तू हात खाली घे, बगल दिसती." सागर माळेगावचा पैलवान, त्याची आई शूटिंगसाठी चुलीपुढं बसवली, तेव्हा ती माउली म्हणत होती, "अवं, गॅस हाय की घरात!" टीव्हीवाल्यांना सागरच्या आयुष्यातलं काहीतरी दुःख पाहिजे होतं. सागरचा बाप कारखान्यात कायम नोकरीला, बहीण कॉलेजात, सगळं बरं चाललेलं. शेवटी त्यांनी विचारलं, आजोबा कधी वारले? तुम्ही तिथं उभे होता. म्हणालात, "रडायचंच आसंल तर कुस्तीत कशाला? दुखवट्याला जावा की." मी तुम्हाला डोळ्यानं दटावलं. मनातून मला तुमचा अभिमान वाटत होता, तेही कधी बोलले नाही.

आता ती कुस्ती. ती मी तुम्हाला इतक्यांदा सांगितलीय की तुम्ही हात जोडायचात. पण तुम्ही गेल्यावर ती एकदा नीट सांगितली पाहिजे.

सागर विरुद्ध विक्रम. विक्रम इंदापूरच्या तालमीतला, सागरपेक्षा अंगानं दांडगा. जो जिंकेल तो अंतिम फेरीत. गावच्या मैदानात अशी तुल्यबळ जोड लागली आणि निकाल होईना की कुस्ती बरोबरीत सोडवतात. तुम्ही हाक द्यायचात, दोघं पकड सोडायचे, पंच मधी उभा राहून दोघांचे हात एकदम वर धरायचा. कुणी हरलं नाही, कुणी जिंकलं नाही, दोघंही ताठ मानेनं घरी. टीव्हीत तसं चालत नाही. टीव्हीला एक जिंकलेला लागतो आणि एक हरलेला. वेळ संपली तरी गुण सारखे राहिले, म्हणून जादा वेळ दिला. विक्रमनं सागरला खाली घेतलं. सागरनं पाठ मातीला टेकू दिली नाही, मानेवर तोल धरला, पाय रोवले, आणि वरून विक्रमचं सगळं वजन. मी पलीकडं पडद्यापाशी होते. पडद्यावर विक्रमची पाठ दिसत होती. सागरचं तोंड कुणालाच दिसत नव्हतं, तुमच्याशिवाय. तुम्ही हौदाच्या काठावर, हात लांबवला तर त्याला शिवाल एवढ्या अंतरावर. माझ्या कानात साहेब ओरडत होते, "थांबवू नका, जवळून घ्या, जवळून घ्या!"

आणि तुमची हाक आली. "सोडवाऽऽ! बरोबरीत सोडवा!"

कुणी काही सांगितलं नव्हतं. पंचांनी ठरवलं नव्हतं. पण विक्रमचे हात सुटले. सागर कुशीवर वळला. दोघांनी माती कपाळाला लावली, एकमेकांना मिठी मारली. पंच म्हणजे आपले नाना, माळेगावचे जुने पैलवान. त्यांना टीव्हीवाल्यांनी शिट्टी दिली होती, ती तोंडातून खाली पडली आणि त्यांनी सवयीनं दोघांचे हात वर धरले. हलगी थांबली. बसमधून आणलेले प्रेक्षक उठून उभे राहिले आणि टाळ्या वाजवायला लागले, हात वर करणाऱ्या माणसाकडं न बघता. मी पण वाजवल्या. मग माझ्या कानातला आवाज ऐकू आला.

साहेब गाडीतून धावत आले. पुन्हा धरा, म्हणाले, होती तीच पकड, तिथूनच. दोघं पोरं एकाच बाटलीतून पाणी पीत शेजारी शेजारी बसली होती. सागर म्हणाला, "धरू कशी? सोडवली की." विक्रमनं त्याला समजावल्यासारखं सांगितलं, "सायेब, सोडवल्याली कुस्ती त्याच मैदानात परत लागत न्हाय." ते माझ्याकडं बघायला लागले. मी म्हटलं, नाही लागत. हौद पोकळ का असेना, वर माती होती, सलामी झाली होती, हाक दिली होती, पंचानं हात वर धरले होते. झालं ते झालं.

साहेब हुशार माणूस. जरा विचार करून म्हणाले, हाक चुकून गेली असेल तर? मग ती हाकच नव्हे. आबांनी माईकवर म्हणावं, जीभ घसरली, कुस्ती चालू. मी पैलवानांकडं बघितलं. ती पोरं एकमेकांकडं बघून म्हणाली, "आबा तसं म्हणलं तर धरतो."

सगळं गोदाम तुमच्याकडं बघत होतं. मी तुमच्यापाशी आले. तुम्ही फेटा काढून मांडीवर ठेवला होता, टक्कल घामानं चमकत होतं. मी म्हटलं, "आबा, चुकून गेली ना? तेवढं म्हणा." तुम्ही मांडीवरचा फेटा सारखा केलात. मी म्हटलं, "मग मुद्दाम दिली का? त्याची मान जात होती का? तसं असेल तर तसं सांगा, डॉक्टर बाहेर बसलाय." तुम्ही सागरकडं एकदा बघितलंत आणि पाणी मागितलंत. पाणी पिऊन म्हणालात, "सोडवलं ते सोडवलं."

बस्स. तेवढ्यावर त्यांनी तुम्हाला गाडीत बसवून कळसला पाठवून दिलं. आधीचे गुण पुन्हा मोजून विक्रमला पुढं काढलं. पुढच्या भागांत मुंबईचा एक माणूस बोलला आणि तुम्ही बोललेल्या भागांवरही त्याचाच आवाज चढवला. त्यातला एक भाग आपण तुमच्या घरी बसून बघितला, आठवतंय? काकींनी शेंगा भाजल्या होत्या. पडद्यावर तुम्ही गुलाबी फेट्यात, लांबून, तोंड हलतंय आणि आवाज दुसऱ्याचा. तुम्ही मांडीवर थाप मारून हसलात, "बघा वं, माझ्या तोंडातनं मुंबई बोलतीय!" काकी हसल्या नाहीत. थोड्या वेळानं तुम्ही शेळीला बघून येतो म्हणून मागं गेलात आणि कार्यक्रम संपेपर्यंत आला नाहीत. शेळी दावणीला निवांत बसली होती, मी आधीच बघितलं होतं.

मला त्यानंतर बरेच दिवस कुणी कामाला बोलावलं नाही. पण आबा, माझा राग त्यासाठी नव्हता. घराघरात तुमचा आवाज जायचा होता आणि एका शब्दासाठी तुम्ही तो घालवलात. आज माझ्याकडं तुमचा आवाज म्हणून काय आहे? एका लग्नातला व्हिडिओ, त्यात तुम्ही जिलबी मागताय.

म्हणून मी विचारत राहिले. चुकून की मुद्दाम? कुठल्याही मैदानाला जाताना, येताना, चहाच्या टपरीवर. तुमची उत्तरं माझी पाठ झाली. "तुला काय वाटतं?" नाहीतर "आज वारं लई हाय." नाहीतर सरळ, "गाडी बघून चालव."

मी मनातल्या मनात दोन्ही बाजू मांडून बघितल्या. मुद्दाम म्हटलं असतं, तर डॉक्टर आत आला असता, सागर जखमी म्हणून बाद झाला असता, हरलेला ठरला असता. चुकून म्हटलं असतं, तर त्याला त्याच मानेवर पुन्हा जावं लागलं असतं. म्हणजे बोललात तर पोराचं वाटोळं, दोन्हीकडून. म्हणून गप्प राहिलात. असं मी एकदा काकींना सांगितलं, मोठा शोध लावल्यासारखं. काकी भाकरी थापत होत्या. म्हणाल्या, "काय म्हाईत बाई. ह्यांनी जल्मात कधी चुकलो म्हटलं न्हाय. सोता केल्याल्या कालवणात मीठ पडायचं राहिलं, तर म्हणायचं आज तुमचीच तोंडं बिघडल्यात." आणि माझा शोध तिथंच आडवा झाला. कारण तेही खरंच होतं. तुम्ही भारी गर्विष्ठ होता, आबा. फेट्याला आरशापुढं जेवढा वेळ लावायचात तेवढ्यात माझं अख्खं आवरून व्हायचं.

पण त्याच गर्विष्ठ माणसानं मला माईक दिला. बाईमाणसानं मैदान बोलायचं, म्हणून कळसच्या जत्रेत कमिटीतले कुजबुजायला लागले, तेव्हा तुम्ही माईकवरूनच म्हणालात, "ज्यांना पोरीचा आवाज सोसत न्हाय, त्यांनी कानात कापूस घालावा. कापूस मी दीन." बारक्या पोरांच्या कुस्त्या होत्या. एक जोड सुटेना, मी हाक दिली, "सोडवा!" पोरांनी वर पण बघितलं नाही. तशीच एकमेकांच्या लांगा ओढत राहिली. तुम्ही पोट धरून हसलात. "पूनमे, ही हाक हाय का म्हशीला बोलावतीस? नाकातनं निघालीया. पोटातनं यायला पाहिजे." मी विचारलं, पोटातून कशी आणायची? तुम्ही म्हणालात, "आणायची नसती. ती येती." मला वाटलं, हे पण तुमचं नेहमीसारखं उडवून लावणं.

मग तुम्हाला झटका आला. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली. देवानं, निसर्गानं, कुणी का असेना, नेमकं तेच काढून घेतलं. बारामतीच्या दवाखान्यात तुम्ही खिडकीकडं बघत पडलेले असायचात. माणसं यायची, मोठमोठ्यानं बोलायची, तुम्हाला ऐकू येत नसल्यासारखी. तुम्हाला सगळं ऐकू येत होतं. नर्सनं तुम्हाला आजोबा म्हटलं की तुमची भुवई चढायची.

शेवटच्या भेटीला मी एकटीच होते. काकी खाली औषध आणायला गेल्या होत्या. मी तुमची दाढी पुसली आणि निर्लज्जासारखं पुन्हा तेच विचारलं. म्हटलं, आबा, आता बोलायची पण गरज नाही. चुकून असेल तर एकदा डोळे मिटा, मुद्दाम असेल तर दोनदा. तुम्ही डोळे मिटलेच नाहीत. माझ्याकडं टक लावून बघत राहिलात. मग चांगल्या असलेल्या डाव्या हातानं माझं मनगट धरलंत आणि जोर लावून वर उचलायला लागलात. तुमचा हात, माझा हात, दोन्ही वर. मला वाटलं तुम्हाला उठून बसायचंय. मी म्हटलं, थांबा, थांबा, आणि पलीकडच्या खाटेवरची उशी आणून तुमच्या पाठीमागं लावली. तुम्ही मान वळवून खिडकीकडं बघायला लागलात. तुम्ही हसत होता असं मला वाटलं होतं. झटक्यानं तोंड वाकडं झालेलं, नक्की कळत नव्हतं.

परवा तुमचं पुण्यानुमोदन झालं. दारात मांडव, पांढऱ्या कपड्यातली माणसं, बुद्धाच्या तसबिरीशेजारी तुमचा फोटो, तोच फेट्यातला. भंतेजी आले, वंदना झाली. काकी एवढ्याशा दिसत होत्या. तालमीतली पोरं झाडून आली होती. सागर आला होता, विक्रम आला होता, नाना काठी टेकत आले होते. कुणीतरी मला म्हणालं, पूनमताई, तुम्ही दोन शब्द बोला. मी उठले, माईक हातात घेतला आणि आवाजच फुटेना. माईक ठेवून मागं चहाच्या पातेल्यापाशी जाऊन उभी राहिले.

जेवणं झाली आणि मांडवाच्या कडेला ती दोघं बोलत बसली. बोलणं त्याच कुस्तीवर आलं. यायचंच. सागर म्हणाला, "माझी मान काय जात नव्हती. मी निसाटतच हुतो. आबांनी घाई केली. अजून एक झटका दिला असता तर हा विक्रम आसमान बघत पडला असता." आबा, हे मी पहिल्यांदा ऐकलं. दोन वर्षं पोरगा हे मनात घेऊन फिरत होता. विक्रम म्हणाला, "गप ए. तुझी मान वाजल्याली मी ऐकलीया. आबा ओरडलं नसतं तर आज तू पट्टा लावून हिंडला असतास." "मग धर!" "धरू?" "धर की, बघू!"

आणि मांडवाच्या बाहेर, अंगणात, पांढऱ्या कपड्यांनिशी त्यांनी धरली. आधी हसत, दाखवायला म्हणून. मग हसणं बंद झालं. विक्रमनं त्याला तस्संच खाली घेतलं, सागर मानेवर गेला, पाय मातीत रुतले. म्हातारी माणसं ओरडायला लागली, "अरं, दुखवट्याचं घर हाय! लाजा धरा!" कुणी ऐकेना. मी चहाची पातेली ओलांडून पुढं गेले. सागरचं तोंड माझ्या बाजूला होतं. लालभडक झालेलं. डोळे मिटलेले. ते दुखण्यानं मिटलेत की जोर काढायला, ते मला कळेना.

"सोडवाऽऽ! बरोबरीत सोडवा!"

मी ओरडले, आबा. मी. हातात माईक नव्हता. कुठून निघालं ते मला अजून ठाऊक नाही, पण नाकातून नव्हतं. विक्रमचे हात सुटले. सागर कुशीवर वळला. दोघांनी तुमच्या अंगणातली माती कपाळाला लावली आणि गळ्यात पडून हमसून हमसून रडायला लागले. नाना काठी टाकून मधी आले आणि त्यांनी दोघांचे हात वर धरले. शांताकाकी आतून धावत दारात आल्या. "कोण वराडलं?" म्हणाल्या, "मला वाटलं…" आणि चौकट धरून उभ्या राहिल्या.

थोड्या वेळानं सागर तोंड धुऊन माझ्याकडं आला. मान चोळत होता. म्हणाला, "ताई, एक खरं सांगा. माझी मान बघून हाक दिली, का आपली तोंडातनं गेली?"

मी तोंड उघडलं. काय सांगणार होते? मान बघून म्हटलं तर पोरगा दोन वर्षांचा ताठा गमावून बसला असता. तोंडातून गेली म्हटलं तर उद्या परत धरायला निघाला असता. आणि ह्या दोन्हींच्या आधी, आबा, मला स्वतःलाच माहीत नव्हतं. खरंच नव्हतं. मी त्याचं तोंड बघितलं आणि हाक आली, ह्या दोन्हींच्या मधी काय झालं ते बघायला मी तिथं नव्हतेच.

मी म्हटलं, "सोडवलं ते सोडवलं. चहा घे."

तो हसला. रडून लाल झालेल्या डोळ्यांनी हसला आणि चहा घेऊन विक्रमशेजारी जाऊन बसला. मी तुमच्या फोटोकडं बघितलं आणि एकदम मला तो दवाखाना आठवला, तुमचा डावा हात, माझं मनगट, दोन्ही हात वर.

तुम्हाला त्या दिवशी उठून बसायचं नव्हतं, आबा. तुम्ही आपली दोघांची कुस्ती बरोबरीत सोडवत होता, आणि मी येडी उशी शोधत हिंडले.